तरंगलेला थेंब

जानेवारीत लखनौमध्ये शेजाऱ्याकडे बर्फ मागायला येणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर पिणारा, असं आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींनी एकमताने ठरवून टाकलं होतं. आमच्यात एकमत ही दुर्मीळ गोष्ट. गणपतीच्या आरत्या कुठल्या क्रमाने म्हणायच्या यावरून नागपूरकर आणि पुणेकर दर वर्षी हमरीतुमरीवर येत. पण मेश्रामभाऊ पितात, यावर दोन्ही पक्ष राजी होते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मानक नगरमध्ये रेल्वेचं संशोधनाचं मोठं कार्यालय आहे, तिथे मी नाशिकहून इंजिनियर म्हणून गेलो. मेश्रामभाऊ तिथे माझ्या कितीतरी आधीपासून ड्राफ्ट्समन होते आणि राहायलाही आमच्याच ब्लॉकमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर. मूळचे भंडाऱ्याकडचे. वय पन्नाशीच्या आसपास. उंच, काटकुळे, आणि रंग असा की सावळा म्हणावा तर सावळेपणा धुऊन गेल्यासारखा. मे महिन्यात लू वाहत असली तरी अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. आम्ही बनियनवर पंख्याखाली लोळत असताना हा माणूस कचेरीत निघाल्यासारखा दळण आणायला जायचा. मी एकदा चिडवलंही, "मेश्रामभाऊ, घरी तरी बाह्या दुमडा." ते म्हणाले, "सवय आहे जी. दुमडल्या का इस्त्री मोडते."

बर्फाचं प्रकरण असं. संध्याकाळची वेळ, बाहेर इतका कोहरा की समोरच्या ब्लॉकचे दिवेही दिसत नाहीत, मी, बायको आणि मुलगी एका रजईत, आणि दारावर टकटक. दार उघडावं तर मफलर गुंडाळलेले मेश्रामभाऊ, हातात स्टीलचा पेला.

"वहिनी, थोडा बर्फ भेटन का जी?"

सुनंदा, माझी बायको, निमूटपणे फ्रीजमधला ट्रे पेल्यात रिकामा करायची. ते तिथेच उभं राहून दोन शब्द बोलत. मुक्ताच्या शाळेची चौकशी करत, आमच्या तुळशीला थंडी बाधली का ते पाहत, आणि मग घाईघाईने वर जात. एकदा मुक्ता जिन्यातून पळत आली आणि म्हणाली, "आई, अंकल बर्फ़ चबा रहे हैं! सच्ची! ऐसे, कड़-कड़!" आम्ही तिला गप्प केलं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये म्हणून. खरं तर त्या कॉलनीत त्यांच्याकडे नीट पाहिलं होतं ते तेवढ्या पोरीनेच.

बाकी माणूस कसा होता? कामात एक नंबर. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली त्यांची रेघ खोडावी लागल्याचं मी कधी पाहिलं नाही. अक्षरं छापल्यासारखी. कॉलनीतल्या निम्म्या दारांवरच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि पाटी रंगवून दिल्यावर ते पाव तास तिच्यासमोर उभे राहत, जणू त्या घरात त्यांनाच राहायला जायचं आहे. मंडळाच्या गणपतीला हात जोडत नसत, बाबासाहेबांना मानणारा माणूस. पण गणपतीतल्या नाटकाचा पडदा मात्र त्यांनीच रंगवायचा, असा शिरस्ता होता. लखनौच्या कारागिरांना कोकणातलं घर दाखवायला सांगितलं की ते हवेली काढतात. मेश्रामभाऊंनी कोकण पाहिलं नव्हतं, पण त्यांचं घर बघून आमच्यातल्या एका रत्नागिरीकर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक तिरका ड्रॉइंग बोर्ड, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि फळीवर दोन कप, दोन बशा. चहा काळा कुळकुळीत, उकळून उकळून कडू केलेला. जेवणाआधी चहा, जेवणावर चहा, आणि रात्रीचं जेवण टाळायचं असेल तर नुसताच चहा. दुसरा कपही ते रोज पहिल्याबरोबर धुवायचे. मी विचारलं, हा कुणासाठी? तर म्हणाले, "जोडीनंच विकतात न."

लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सुट्टी मंजूर झाली नाही जी." गावाकडे कोण असतं, तर म्हणायचे, "होते न. आता सगळे आपापल्या फोटोत आहेत." एक भाऊ होता म्हणे. त्याची पत्रं कधीतरी बंद झाली, का ते त्यांनी सांगितलं नाही. मी फार खोदून विचारलं की हसून म्हणत, "आपली सिंगल लाईन, पाटणकरसाहेब. समोरून गाडी येतच नाही तर दुसरी लाईन टाकायची कायले?" हसण्यावारी नेण्यात माणूस पटाईत होता. आणि आम्हीही हसायचो, कारण हसलं की पुढे काही विचारावं लागत नाही.

एवढ्या एकट्या माणसाचे शनिवार मात्र ठरलेले असत. कामावरून लवकर येऊन दाढी घोटायची, धुवट शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. कुठे निघालात म्हटलं तर, "पाहुण्यांकडे जाऊन येतो." लखनौत यांचे कुठले पाहुणे? अलीगंजात चार मराठी घरं, निशातगंजात दोन, ती सगळी आमच्या ओळखीची. त्यांच्यापैकी कुणाकडे हे जात नसत. रात्री परत आले की जिना चढताना मधल्या वळणावर, विजेच्या मीटरांपाशी, बराच वेळ थांबलेले असत. कुणी पाहिलं की म्हणत, "मीटर बघतो जी. किती पळून राहिले." बर्फ, शनिवार, आणि जिन्यात थांबणं. कॉलनीने बेरीज केली आणि उत्तर काढलं. त्या जानेवारीत मंडळाच्या वार्षिक बैठकीत कुणीतरी म्हणालं, लहान मुलं असतात तालमीला, यंदाच्या गणपतीत पडद्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊ या. कारण कुणी बोललं नाही, पण मेश्रामभाऊंना कळलं. ते उठले, म्हणाले, "हाव, बरोबर आहे. नव्या पोरायले संधी द्या," आणि बैठक संपायच्या आत चपला घालून निघून गेले. मला फार वाईट वाटलं. सुनंदा तर घरी येऊन भांड्यांवर राग काढत होती. "इतक्या वेळा दारात आले, कधी वास आलाय का तुम्हाला? मला तर नाही आला बाई."

त्यानंतरही ते बर्फ मागायला येत राहिले, हे त्यांचं मोठेपण की नाइलाज, ते मला तेव्हा समजलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी सुनंदा सब्जी घेऊन येत होती, तर मेश्रामभाऊ मीटरांखाली पायरीवर बसलेले. ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि तोंडाने "काही नाही जी, काही नाही." तिने मला हाक मारली. मी आणि खालचे तिवारीजी मिळून त्यांना रिक्षात घालून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. वाटेत माझ्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं, आणि ते इतकं हलकं वाटलं की मी रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं.

दवाखान्यात माथुर मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. ठेंगण्या, करारी, आवाज असा की कंपाउंडर दोन खोल्या पलीकडून धावत यावा. त्यांनी मेश्रामभाऊंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बघितली, मग नखं. नखं सपाट झाली होती, मधोमध जरा खोलगटच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आप लोग साथ रहते हैं? किसी को दिखा नहीं कि यह आदमी काग़ज़ जैसा हो गया है?"

रक्त काढायला माणूस आला. मेश्रामभाऊंनी न सांगता बाही वर केली, मूठ वळली, आणि सुई आत जाताना शांतपणे पंख्याकडे पाहत राहिले. मी स्वतः सुईला घाबरणारा. मला त्यांचं कौतुक वाटलं, इतकंच.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. धडधाकट पुरुषाला तेरा-चौदा तरी पाहिजे, हे मला तिथे कळलं. काचेच्या पट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, त्यात रक्तातल्या पेशी बारीक आणि फिकट दिसत होत्या, मध्ये नुसताच पांढरा डाग. मॅडमनी आणखी एक नमुना शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये पाठवला. शरीरात साठवलेलं लोह किती शिल्लक आहे, ते त्यावरून समजतं. तो रिपोर्ट वाचून त्या म्हणाल्या, "गोदाम बिल्कुल ख़ाली है."

मेश्रामभाऊ उशीवरून म्हणाले, "रेलवे में ज़िंदगी निकाल दी मैडम, और आप कहती हैं अंदर लोहा नहीं है!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्नांची फैर झाडली. मूळव्याध? शौचाला काळी होते? पोटात दुखतं? सगळ्याला नाही. शराब? मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "कभी नहीं मैडम." मग त्यांनी जे विचारलं त्याने मी दचकलोच. "बर्फ़, मिट्टी, कच्चा चावल, ऐसा कुछ खाने का मन करता है?"

मेश्रामभाऊ चोरी पकडल्यासारखे लाजले. "बर्फ़," ते हळूच म्हणाले. "बहुत करता है. रोकते नहीं बनता."

"यह शौक़ नहीं है, बीमारी है. लोहा कम होता है तो ऐसा होता है." आणि माझ्याकडे वळून, "औरतों में यह सब रोज़ देखती हूँ. इस उम्र के मर्द में ख़ून ऐसे नहीं घटता. कहीं न कहीं से जा रहा है. ढूँढ़ना पड़ेगा कहाँ से."

त्या दिवशी घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला आणि थेट ब्लॉकमधल्या प्रत्येक मराठी घरी जाऊन बर्फाचा अर्थ समजावून आली. कुणीतरी म्हणालं, अगंबाई, आम्हाला वाटलं! सुनंदा म्हणाली, "वाटलं ते आता गिळा."

मला मात्र धास्ती लागली होती. 'कहीं से जा रहा है' याचा अर्थ पोटात व्रण, नाही तर त्याहून वाईट काहीतरी, एवढं मलाही कळत होतं. शौचाची तपासणी झाली, त्यात रक्ताचा अंश नाही. मग मॅडमनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून पोट बघायला पाठवलं. कॅन्सरच्या शंकेने एरवी माणूस हबकतो. हे त्याबद्दल चकार शब्द काढेनात. त्यांची कटकट वेगळीच होती. "दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात नाही होणार का जी? तिथं गर्दी लय असते." मी म्हटलं, गर्दीला काय घाबरता, जिवाचं बघा. टेंपोत बसल्यावरही त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता.

दुर्बिणीतही काही सापडलं नाही. पोट साफ. मला आनंद व्हावा की काळजी वाटावी, काही समजेना. गोदाम रिकामं आहे, भिंतीला भोक नाही, मग माल जातो कुठे?

आम्ही कागद घेऊन लांबलचक व्हरांड्यातून बाहेर निघालो होतो. बाकांवर, जमिनीवर, सतरंज्यांवर खेड्यापाड्यांतून आलेले पेशंटांचे नातेवाईक. तेवढ्यात एक तरुण बाई, कडेवर तान्हं मूल, गर्दीतून वाट काढत आली आणि मेश्रामभाऊंच्या पायाला हात लावून उभी राहिली. "मामाजी! पहचाना नहीं?" तिने मूल पुढे केलं. "यही है. आपने न दिया होता तो न हम बचते, न यह." मागून तिचा नवरा हात जोडत आला. मेश्रामभाऊंनी त्या पोराच्या गालाला बोट लावलं. मफलर खाली सरकला होता. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी कॉलनीत कधीच पाहिलं नव्हतं. माणूस घरी आलेला दिसत होता.

शेजारीच रक्तपेढीची खिडकी होती. आतला माणूस ओरडला, "अरे मामा! बहुत दिन बाद! आज किसके मामा बनके आए हो?"

मी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. म्हटलं, आता बोला.

त्यांनी सांगितलं. त्या हॉस्पिटलात रक्ताची एक बाटली हवी असेल तर बदल्यात नातेवाइकाने एक बाटली द्यायची. गट जुळला पाहिजे असं नाही, कुणाचंही चालतं, पण आपलं माणूस पाहिजे. एकदा कचेरीतल्या कुणाला तरी भेटायला ते गेले होते, तेव्हा खिडकीपाशी एक म्हातारा रडत होता. पोरगी आत ऑपरेशनला, आणि देणारं कुणी नाही. बरोबर आलेले भाऊबंद रक्त द्यायचं नाव काढताच पांगले होते. मेश्रामभाऊ पुढे झाले. खिडकीतल्याने विचारलं, मरीज़ के कौन लगते हो?

"तोंडातून निघून गेलं, मामा," ते म्हणाले. "काका म्हटलं असतं तर आडनाव विचारलं असतं. मामाचं आडनाव वेगळंच असते न."

मग आठवडाभर ते त्या पोरीला बघायला जात राहिले. थर्मासमध्ये दूध घेऊन. घरचे त्यांना जेवू घालत, गावाकडच्या भांडणांत त्यांचं मत विचारत. पोरगी बरी होऊन गावी गेली. पुढच्या शनिवारी मेश्रामभाऊ पुन्हा तिथे गेले. तिथे कुणीतरी रडत असणारच होतं.

"एकदा मरीज सिद्दिकी अन् मी मेश्राम. तो म्हणे, मामा कैसे? मी म्हटलं, मुँहबोला. एकदा एक पंडिताइन होती, तिनं विचारलं, कौन जात हो भैया? मी म्हटलं, ओ पॉज़िटिव, माताजी. ती म्हणाली, अच्छा, अच्छा, भले लोग होते हैं." एवढं सांगून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

मी विचारलं, "पण तीन-तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं ना?"

"असते जी. पण रडणारा तीन महिने कसा थांबन?" म्हणून एकदा इथे, एकदा दुसऱ्या हॉस्पिटलात, एकदा तिसऱ्या. रक्त घेण्याआधी बोटातून एक थेंब काढून निळ्या पाण्यात टाकतात. मोरचुदाचं पाणी. थेंब बुडला तर रक्तात दम आहे, तरंगला तर नाही. "गेल्या दिवाळीपासून माझा तरंगून राहिला होता," ते म्हणाले. एका ठिकाणी त्यांना परत पाठवलं. ते दुसरीकडे गेले, जिथे घाईगर्दीत थेंबाकडे कुणी बघत नव्हतं. एका ठिकाणी मात्र नव्या माणसाने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, कितने में देते हो? हे सांगताना ते मनगटाचं बटण काढत-लावत होते. कॉलनीने दारुडा ठरवलं तेव्हा चपला घालून निघून गेलेला माणूस, त्या एका प्रश्नाने इतका दुखावला होता की तो परत त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानेही गेला नव्हता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मॅडम शोधत होत्या, मी रात्र रात्र जागत होतो, पोटात नळी घातली गेली, आणि हा गृहस्थ गप्प. मी संतापलो. म्हटलं, "अहो, पहिल्याच दिवशी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं न," ते म्हणाले.

माथुर मॅडमना त्यांनी स्वतःच सांगितलं, मी शेजारी उभा राहून सांगायला लावलं. मॅडमनी पेन कागदांवर आपटलं. मग भडकल्या. "आप पढ़े-लिखे आदमी हैं! मर जाते तो? किसी को एक बोतल देने के और भी क़ायदे हैं!"

मेश्रामभाऊ खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मैडम, वहाँ खिड़की पर पूछते हैं, मरीज़ के कौन लगते हो. इस शहर में मुझसे और कहीं कोई नहीं पूछता कि मैं किसका कौन लगता हूँ."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पण त्या डॉक्टर होत्या, आणि चांगल्या होत्या. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणावर चहा बंद, लिंबू रोज, पालेभाजी, गूळ, आणि मेश्रामभाऊ खात असल्याने अंडी आणि मटण. रक्ताची बाटली चढवायचं त्यांनी सुचवलं, तेव्हा मेश्रामभाऊंनी हातच जोडले. "ती कुणाच्या तरी मामानं दिली असन, मॅडमला सांगा," असं मला मराठीत म्हणाले. मग गोळ्यांवरच भागवायचं ठरलं. शेवटी मॅडमनी त्यांच्याकडून शब्द घेतला. यापुढे रक्त द्यायचं नाही, आणि कुठल्याही खिडकीवर खोटं नातं सांगायचं नाही. मेश्रामभाऊ शब्दाचे पक्के. त्यांनी शब्द दिला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांचा चेहरा पाहून लगेच वाईटही वाटलं.

गोळ्यांनी गुण आला. पंधरवड्याच्या आतच बर्फाची ओढ गेली. उन्हाळा तोंडावर आला होता, आता साऱ्या लखनौला बर्फ हवा होता, फक्त मेश्रामभाऊंना नको होता. आणि दारावरची टकटक थांबली. सुनंदा संध्याकाळी ट्रे भरून ठेवायची. मग तिच्या लक्षात आलं, की बर्फाच्या निमित्ताने तो माणूस रोज आमच्या दारात दोन शब्द बोलून जात होता. आता निमित्त उरलं नव्हतं, आणि निमित्ताशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. ती मुक्ताच्या हातून वाटीत काहीबाही वर पाठवायची. वाटी घासूनपुसून, चिमूटभर साखर घालून परत यायची. रिकामी वाटी परत करू नये, ही रीत त्यांना ठाऊक होती. स्वतः मात्र येत नसत.

मंडळाने उपरती झाल्यासारखा त्यांचा सत्कार ठरवला, शाल आणि नारळ. ते म्हणाले, "शाल नको जी. पडदा देत असान तर द्या." पडदा दिला. त्यांनी नदीकाठचं गाव रंगवलं, फार सुंदर. नाटक सुरू झालं तेव्हा ते शेवटच्या रांगेमागे उभे होते, आणि संपायच्या आधी निघून गेले.

शनिवारी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. दाढी केलेली, धुवट शर्ट अंगात. कुठेही जायचं नसायचं. गालांवर रंग आला होता, जिना न थांबता चढत होते, मीटरांकडे ढुंकून बघत नव्हते. हिमोग्लोबिन धडधाकट पुरुषाइतकं झालं, असं मॅडमनी सांगितलं, त्या संध्याकाळी ते रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. सुनंदाने शिरा केला. त्यांनी बशी हातात धरली आणि खाईनात. मी म्हटलं, "अहो, बरे झालात. आनंद करा."

"झालो न बरा," ते म्हणाले. "आता काय करू, साहेब?"

मी काहीतरी बोललो, वाचनालय, सकाळचं फिरणं, असलं काहीतरी. ते मान डोलावत राहिले, माझा मान राखायला.

त्यानंतर माझी बदली झाली. निघण्याच्या आधी, पाय मोडून पडलेल्या एका सहकाऱ्याला भेटायला मी त्याच मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. भेटीची वेळ संपत आली होती. व्हरांड्यात नेहमीसारखी गर्दी. लांबूनच मला बाकाच्या टोकाला मेश्रामभाऊ दिसले. मांडीवर पिशवी, थर्मास, आणि कुणाची तरी चपलांची जोडी सांभाळायला घेतलेली. शेजारी एक म्हातारी गाठोडं उशाशी घेऊन बसली होती. रक्तपेढीच्या खिडकीकडे ते बघतही नव्हते.

चौकीदार काठी आपटत आला. "चलो, चलो, जिनका मरीज़ नहीं है, बाहर. भीड़ मत लगाओ." एकेकाला विचारत तो बाकापाशी पोचला. "आपका मरीज़ कौन है?"

मी पाहत होतो. मामा म्हणायला एक क्षणही लागला नसता. मेश्रामभाऊंनी मान हलवली. "कोई नहीं," ते म्हणाले, आणि चपला जमिनीवर नीट ठेवून, पिशवी खांद्याला अडकवून उठले.

मी पुढे पाऊल टाकणार, एवढ्यात त्या म्हातारीने, चौकीदाराकडे वर न बघता, त्यांच्या शर्टाची बाही धरली. "बैठो भैया, कहाँ जाते हो. ये हमारे साथ हैं."

चौकीदार पुढच्या बाकाकडे गेला. मेश्रामभाऊ तसेच उभे होते. म्हातारीने गाठोडं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि त्यांना बसायला ऐसपैस जागा करून दिली.